एरंडेलाची गाडी आणि ठकीचा नंबर

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुला पत्र लिहिलं नाही. गरजच नव्हती. तुझ्याशी भांडायचं असलं की मी स्वयंपाकघरात मोठ्यानं भांडते, आणि दूध घालायला येणाऱ्या सगुणामावशींना आता त्याची सवय झाली आहे. पण परवाच्या रविवारी जे झालं ते भांड्यांच्या आवाजात सांगून भागणारं नाही. परवा आपल्या घरी एक सद्गृहस्थ आले आणि इतकी वर्षं मी तुला जे जे ऐकवत आले, ते सगळं त्यांनी मला ऐकवलं. शब्दन् शब्द माझा! आणि काय सांगू दादा, मला ते इतकं बावळटपणाचं वाटलं!

आधीच स्पष्ट सांगते. माझं मत बदललेलं नाही. चार-पाच वर्षांच्या पोरांच्या हातात तसली गाडी देणं चूक ते चूकच.

तुझ्या शशीनं विलायतेहून ती आणली तेव्हा मला वाटलं, चावीची मोटार असेल. पाटावर ठेवून चार घटका गंमत बघायची. खोक्यातून निघालं काय? हातभर लांबीचं धूड! खरं इंजिन, खरी टाकी, जाड रबरी चाकं. शिवाय एक वेगळा पत्र्याचा डबा, त्याला माझ्या डोक्याच्या वर जाणारी एरियल. डब्यावरच्या दोन दांड्या हलवल्या की तिकडे मैदानात गाडी पळणार, वळणार. मध्ये तार नाही, दोरी नाही. शशी म्हणाला होता, "बाबा, तिकडे मोठी माणसं छंद म्हणून यांच्या शर्यती लावतात." मोठी माणसं, दादा! ते तुला बरं ऐकू आलं नाही? आयुष्यभर घाटात बँकर चालवलास, आगगाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनात बसून कान गेले असतील, पण नको तेवढंच ऐकू न येण्याइतके?

त्यात त्या इंजिनाचं खाणं! साधं पेट्रोल त्याला चालायचं नाही. त्याला हवं स्पिरिट आणि एरंडेल. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दर शनिवारी नाक दाबून जे एरंडेल आम्ही गिळलं, ते तू बाटल्यांच्या बाटल्या धुरात उडवायला लागलास. माझ्या पातळांना तो वास, उशीला तो वास. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणी भेटायला आल्या की हळूच विचारायच्या, "कुमुद, पोट बरं नाही का गं?" आपल्या वलवणची पोरं तिला एरंडेलाची गाडीच म्हणायला लागली.

आणि अशी गाडी तू पहिल्यांदा कुणाच्या हातात दिलीस? समोरच्या बंगल्यातल्या बबलूच्या. वय वर्षं चार. ज्याला स्वतःच्या चड्डीची नाडी आवरत नव्हती, त्याच्या हातात!

"अरे, त्याचा हात तरी धर!" मी ओरडले.

"नाही धरणार. मी धरला तर माझा हात शिकेल, कुमे. माझा शिकलेला आहे."

त्या दिवशी धरणाजवळच्या मैदानात कोण आलं होतं सहलीला? माझ्या शाळेच्या सिस्टर्स! ज्यांच्यासमोर मी आजही पाठीला बाक येऊ देत नाही त्या! पांढऱ्या पायघोळ झग्यांभोवती ती गाडी धूर सोडत गरगर फिरली आणि थोरल्या सिस्टर, या वयात, दगडी बाकावर चढल्या. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि तू? टोपी काढून म्हणालास, "घाबरू नका सिस्टर, पोरगं चार वर्षांचं आहे, मुद्दाम कुणाला धडकवत नाही." ही काय समजूत घालायची रीत झाली?

मग मला म्हणालास, "तू चालवून दाखव." दाखवली की! जाताना सरळ गेली. माझ्याकडे परत यायला लागली तेव्हा मी दांडी डावीकडे केली आणि ती मेली उजवीकडे गेली. आणखी डावीकडे केली, आणखी उजवीकडे गेली, थेट शेंगावालीच्या टोपलीत. तू जमिनीवर बसून हसलास. शेंगावालीसुद्धा हसली. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की तिचा डावा तो आपला उजवा होतो, हे तू मला टोपलीच्या आधी सांगू शकत नव्हतास?

मुलांना मात्र तू ते कधी समजावतच बसला नाहीस. तुझा बँकरचा कायदा लावलास: गाडीच्या मागे राहायचं. गाडी पळाली की डबा पोटाशी धरून तिच्या मागे पळायचं, म्हणजे तिचा डावा तो आपलाही डावा. रविवारी संध्याकाळी ती वरात बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची. पुढे गाडी, तिच्यामागे एरियल झुलवत एक टिचभर पोरगं, त्याच्यामागे तू, आणि सगळ्यांच्या मागे पंधरा-वीस पोरं नि एक कुत्रं. मला म्हणायचास, "चल कुमे, पळ." पातळ नेसून पळायचं! मी बाकावर बसून तुला शिव्या घालणं पसंत केलं. इंग्रजीत, म्हणजे पोरांना कळायला नकोत.

एक गोष्ट मी तेव्हाही मान्य केली होती, तुझ्यासमोर नाही. कुणालाही आधी गाडी चालवायला द्यायची नाही, आधी थांबवायला द्यायची. चालवायचास तू आणि शिट्टी फुंकलीस की पोरानं दांडी मागे ओढून ब्रेक लावायचा. तीन-चार रविवार नुसतं थांबवणं. "निघणं कुणालाही येतं," म्हणायचास. बबलूला का नाही शिकवलंस हे आधी? सिस्टर्सच्या झग्यांवरून तुला अक्कल आली, असं मी समजते.

सगुणामावशींची नात ठकी या थांबवण्याच्या वर्गात होती. पाच वर्षांची, नाक वाहतं, केसांत गवत. उन्हाळ्याच्या शेवटी तिचं थांबवणं पक्कं झालं आणि पाऊस कोसळला. तू तिला म्हणालास, "पाऊस सरला की तू चालवायची." श्रावणात दुपारी आरामखुर्चीत चहाची वाट बघत बसलास आणि मी चहा घेऊन येईपर्यंत निघून गेलास. एवढीही कळ काढवली नाही? तो चहा मी ओतून दिला. दुसरं काय करणार होते?

तेराव्याला आलेला शशी म्हणाला, "आत्या, ती गाडी मुंबईच्या असल्या शर्यतींच्या एका क्लबला देऊन टाकतो. तुझी कटकट मिटेल." मी मान डोलावली. एवढी वर्षं तीच तर माझी मागणी होती. एरियलची काठी कपाटामागे गेली, घरातला एरंडेलाचा वास हळूहळू विरला. तुझ्या खोलीतला सुद्धा. मला वाटलं होतं, त्या वासातून सुटल्यावर बरं वाटेल.

पाऊस उघडल्यावर सगुणामावशी दुधाचं माप ओतता ओतता म्हणाल्या, "बाई, ह्या पोरीनं लय डोकं खाल्लंया. उठता बसता थांब, थांब करती. म्हशीला बी थांब म्हनती."

"मग म्हैस थांबते का?"

"थांबती व्हय! म्हनून तर दुधाला उशीर हुतोया."

मी विषय बदलला.

तर परवा क्लबचे ते गृहस्थ आले. कर्णिक. सभ्य माणूस, हातात चामडी पेटी, बोलणं मऊ. ओसरीवर त्यांनी डबा उघडला, दांडी हलवून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही दांडी निम्म्यावरच का अडते?" मग चिमट्यानं त्यांनी खाचेतून लाकडाची छोटी खुंटी बाहेर काढली. "कुणीतरी मुद्दाम बसवली आहे. म्हणजे तुमची गाडी आजवर निम्म्याच वेगानं पळत होती, बाई."

निम्म्या वेगानं! दादा, मी एवढे रविवार त्या बाकावर जीव मुठीत धरून बसले. देवाचं नाव घेतलं, मेरीमातेचंही घेतलं. आणि तू त्या खाचेत खुंटी मारून ठेवली होतीस? बबलूच्या दिवशीही होती ना? मग मला का नाही सांगितलंस? मी आरडाओरडा करते ते बघायला मजा येत होती? या एका गोष्टीचा जाब तुला द्यावा लागणार आहे, मी वर आले की पहिल्यांदा!

कर्णिकांनी खुंटी खिशात टाकली आणि आम्ही मैदानात गेलो. त्यांनी दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि गाडी पूर्ण वेगानं सोडली. खोटं का बोलू, माणूस पटाईत. आठाचा आकडा काढला, समोरून येणारी गाडी पायाशी आणून अलगद उभी केली. पण गाडीची ती गती बघून मी पाय उचलून बाकावर घेतले. आवाज ऐकून चहूकडून पोरं धावत आली. सर्वांत पुढे ठकी.

ती सरळ माझ्यापुढे उभी राहिली. "आजी, माजा नंबर हाय."

"कुणी सांगितलं?"

"डायवर आबांनी. पाऊस सरल्यावर मी, आसं म्हनलं हुतं. माजं थांबवून झालंय."

"बाळ, लांब हो," कर्णिक म्हणाले. "हात लावायचा नाही. ही लहान मुलांची वस्तू नाही." मग माझ्याकडे वळले. "मुलांच्या हातात असलं यंत्र देणं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा. पायावर आलं तर हाड मोडेल. आणि मुलं काय, ती तोडणारच. आमच्या क्लबात कशी नीट काचेच्या कपाटात राहील. शर्यतीपुरती बाहेर काढू."

बेजबाबदारपणा! माझा शब्द! तुझ्यासाठी खास राखून ठेवलेला. ज्यानं तुला डोळ्यांनी पाहिलं नाही त्यानं तो तुझ्यावर टाकावा?

मी म्हणाले, "कर्णिकसाहेब, माझ्या भावानं उभा जन्म घाटात आगगाड्या ढकलल्या. त्याला बेजबाबदार म्हणायचा हक्क एकाच माणसाला आहे आणि तो माणूस मी आहे."

ते बिचारे गोंधळले. "पण शशिकांतनी सांगितलं, तुमचाच मुलांना विरोध होता."

"होता नाही, आहे. ती खुंटी काढा खिशातून."

"कशाला?"

"जिथून काढलीत तिथे बसवायला."

ठकी हलली नाही. आमची वादावादी तिला कळत नव्हती. ती फक्त गाडीकडे बघत होती. जो दिवस ठरला होता तो आला होता, आणि मोठी माणसं उगाच मध्ये बोलत होती. तू दिलेला शब्द त्या चामड्याच्या पेटीत घालून मुंबईला पाठवायचा? मग उद्या दूध घ्यायला मी दार कुठल्या तोंडानं उघडू?

खुंटी बसली. डबा ठकीच्या गळ्यात अडकवला, तर एरियल हिच्या दुप्पट. गाडी निघाली, ठकी मागे पळाली, आणि तिच्या मागे, हो, मी पळाले! पदर खोचून! सगुणामावशी म्हशीजवळून ओरडल्या, "बाई, पडशीला!" मी पडले नाही. कारण पाच पावलं गेल्यावर ठकीनं गाडी थांबवली. पुन्हा पाच पावलं, पुन्हा थांबवली. कुणी शिट्टी फुंकली नाही, काही नाही. तुझा धडा तिच्यात इतका मुरला आहे की चालवण्यापेक्षा थांबवण्यातच तिला गोडी. मला दम खायला बरं पडलं.

धरणाच्या बांधाची भिंत आली. वळवायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं! मग तिनं काय करावं? गाडी थांबवली, झग्याचा घोळ हाताला गुंडाळला, आख्खं धूड उचलून उलटं फिरवलं, "लय गरम हाय गं बया!" म्हणाली आणि पुन्हा मागे जाऊन उभी राहिली. झालं वळण! कर्णिकांनी डोळे मिटून घेतले. त्यामुळे गाडी त्यांच्याच दिशेनं येते आहे हे त्यांना दिसलं नाही. ती त्यांच्या बुटावर चढली आणि तिथे उभी राहिली.

"मोडलं का हाड?" मी विचारलं.

"नाही."

"खुंटी," मी म्हणाले.

पुढच्या बाजूला हा एवढा ओरखडा गेला आहे. ठकीनं थुंकी लावून पुसून बघितला, गेला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा रागावलं असतं?" मी म्हणाले, "तुझ्यावर? तुझे आबा फक्त मला छळायचे." तिला ते पटलं. कर्णिकांना मी घरी आणून दडपे पोहे खायला घातले, दोरी कशी गुंडाळायची, स्पिरिटात एरंडेल किती घालायचं ते सगळं शिकून घेतलं आणि रिकाम्या पेटीसकट मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. माणूस वाईट नव्हता. फक्त माझ्यासारखं बोलत होता.

आता घरभर पुन्हा तो वास सुटला आहे. शशीला काय कळवायचं ते मी बघीन. रविवारी ठकी, मग बबलूची धाकटी बहीण, मग माळ्याची दोघं. सगळ्यांना आधी थांबवायला शिकवणार आहे, आणि वळवायलाही, ते तू विसरला होतास. पण दादा, तुला वचन देते: ती गाडी कधीही कुठल्याही काचेच्या कपाटात जाणार नाही. पोरं तिला आपटतील, घासतील, भिंतीवर नेतील. मी शेवटच्या चाकापर्यंत मागे पळत राहीन आणि शेवटच्या चाकापर्यंत ओरडत राहीन. कुणालाही ती धड सापडणार नाही.

तुझी, आजही तुझ्या विरोधात असलेली,
कुमे