कुडू कुणी मारला?

आये,

तुझ्या शेकोटीभोवती बसलेल्या सगळ्यांना काशेची आठवण सांग. बाउ पत्र वाचून दाखवतेय ना? तिला म्हणावं, मधलं काही गाळायचं नाही.

मी बरा आहे. कोठडीत मक्याची खिमट मिळते. खिडकीतून आपलं कालाहारीचं वाळवंट दिसत नाही, पण असू दे. तुझा खोकला कसा आहे?

आपल्या लोकांना धनुष्याने शिकार करू द्यावी का, हे ठरवायला राजधानीतून साहेब आलेत. माणूस भला वाटला. ज्या हरणापायी मला धरलं, त्याबद्दल त्याने विचारलं, "कुडू कुणी मारला?" मी खरं तेच सांगितलं, "आईने."

सगळे हसले. शिपाई म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! म्हातारीच्या आड लपतोस?"

मी म्हटलं, "बाण ज्याचा, शिकार त्याची. बाण आईचा, मटणही तिनेच वाटलं. मी नुसता सोडला."

आता साहेब जीपने तुलाच विचारायला येताहेत. घाबरू नकोस. बाण मामाने तुला दिला, मटणाचा वाटा कुणाकुणाला गेला, सगळं सांग.

फक्त एक ऐक. पोरगा शेफारू नये म्हणून आपण त्याच्या शिकारीला नावं ठेवतो. त्या दिवशी तूही म्हणालीस, "हे हाडकुळं कशाला ओढून आणलंस?" साहेबांपुढे तसं बोलू नकोस. त्यांना ते खरंच वाटेल. म्हणतील, असल्या हाडांसाठी परवानगी कशाला?

कुडू चांगला गलेलठ्ठ होता, हे एवढ्या एकदाच कबूल कर. मी ऐकायला तिथे नसेन, तेव्हा शेफारायची भीती नाही.

तुझाच,
काशे