बर्फात गेलेला म्हातारा

कुपवाड, २४ डिसेंबर, संध्याकाळ

पुतणीला नाताळबाबा कसा झाला, त्याचा कार्टून सिनेमा मीच लावून दिला. त्यात खेळणी करणारा म्हातारा बर्फात चालत जातो आणि दिसेनासा होतो. मग दरवर्षी गुपचूप खेळणी येत राहतात.

दादा फौजेत, बर्फातल्या चौकीवर. रविवारी त्याचा फोन यायचा, तो आला नाही. वहिनी म्हणाली, "रेंज नसंल. लय इचार करू नका, भावजी."

सिनेमा संपल्यावर पुतणीनं विचारलं, "काका, पप्पाबी आता नुसती खेळणीच पाठवणार व्हय?"

भाकरी थापणारा वहिनीचा हात थांबला. मी "न्हाई गं" म्हणालो. दिसेनासा होतो, हे मी आधी पाहून घ्यायला नको होतं?

आत्ता वहिनीनं फोन पुन्हा चार्जिंगला लावला. तो भरलेलाच होता.