चौथ्याला बोलावलं

आप्पा, आज संध्याकाळी चौथ्याला बोलावलं. घरात माणसं आहेत, पण ही बातमी ऐकून लगेच उठून पायांत चप्पल घालणारं आता कोणी उरलेलं नाही. तुम्हाला जाऊनही खूप वर्षं झाली. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

माझं काम नेमकं काय, हे सुरतेतल्या लिंबायतच्या आपल्या गल्लीला तुम्ही होतात तोवर काही कळलं नाही. पोर इंजिनिअर झाली आणि पॉवर प्लांटात लागली, एवढंच त्यांना कळलं. त्यामुळे दिवे गेले की लोक वीज कंपनीला फोन करायच्या ऐवजी आपल्या दारात यायचे. "आप्पा, पोरीला सांगा ना, टाकीत पाणी चढवायचंय." तुम्ही मान डोलावून "सांगतो" म्हणायचात आणि खरोखरच मला फोन लावायचात. मी दर वेळी सांगायचे, आप्पा, मी तारा जोडत नाही हो. उद्या विजेची मागणी किती असेल त्याचा अंदाज घ्यायचा, मग आमच्या चार युनिटांपैकी कोणतं किती चालवलं म्हणजे सगळ्यांत स्वस्तात भागेल ते ठरवायचं, इतकंच माझं काम. तुम्ही सगळं नीट ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "बरं. मंग लाईट कव्हय यी?"

त्याच सुमाराला, तुम्ही माग चालवायचात त्या उधन्याच्या खात्यात शेठनं नवे लूम आणले. त्यांना माणसं कमी लागत आणि नजर तेज लागे. तुमचे दोन्ही डोळे तेव्हा मोतीबिंदूच्या वाटेला लागलेले. शेठ बोलायला गोड. "काका, जरूर पडशे तो बोलावीशुं," म्हणाला. गरज पडली तर बोलावू. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखी दाढी केलीत, डबा भरून घेतलात आणि ओट्यावर जाऊन बसलात. आई म्हणाली, निदान डबा तरी आत बसून खा. तुम्ही ओट्यावरच खाल्लात, आणि तोही कारखान्यात जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हाच.

तुमचं मन रमावं म्हणून मी तुम्हाला प्लांट दाखवायला नेलं. घरच्यांना आणायचा एक दिवस असायचा, तेव्हा. तुम्हाला वाटलं होतं, मोठाले खटके असतील आणि मी ते दोन्ही हातांनी ओढत असेन. बघता तर पोर गार खोलीत खुर्चीवर बसून आकडे लिहितेय. "तलाठ्यासारखी," असं तुम्ही नंतर आईला सांगितलंत. पडद्यावर तीन चौकोन हिरवे होते, एक राखाडी. तुमचं बोट थेट राखाडीवर गेलं.

"हाई बिघडनं का?"

नाही आप्पा, चांगलं आहे. ही तिघं कोळशावर चालतात. कोळसा स्वस्त, पण एकदा गार पडली की पुन्हा तापायला फार वेळ घेतात, म्हणून त्यांना बंद करत नाही, रात्री नुसती मंद ठेवतो. चौथं गॅसवर चालतं. चटकन सुरू होतं, पण गॅस परवडत नाही. म्हणून ते नुसतं उभं असतं.

"म्हंजे महाग शे म्हनीसन घर बसाडी दिन्हं?"

मी हसत हो म्हणाले. तुम्ही हसला नाहीत. थोड्या वेळानं विचारलंत, मग विकून का टाकत नाही? मी म्हटलं, एखादं कोळशाचं अचानक बंद पडलं तर याच्याइतकं लवकर दुसरं कोणी हाताशी येत नाही, आप्पा. अशा वेळी भाव कोण बघतं? यावर तुम्ही कीर्तनात डोलावायचात तशी मान डोलावलीत.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, मी चप्पल काढायच्या आधी तुमचा प्रश्न ठरलेला. "आज बलायं का त्याले?" नाही आप्पा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी मला मजा वाटायची, मग वैताग यायला लागला, आणि मग माझंच काहीतरी बिघडलं. एक दिवस उद्याचं शेड्यूल बनवताना मी चौथ्याला संध्याकाळी तासभर काम देऊन टाकलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हे का घातलं?" म्हटलं, मागणी वाढेल असं वाटतं. "कशावरून?" आता आप्पांवरून असं कसं सांगणार! साहेबांनी ते स्वतः खोडलं आणि म्हणाले, "बेन, आ धरमशाळा नथी."

मग चैत्रातली ती दुपार. बाहेर डांबर वितळतंय, सगळ्या सुरतेत पंखे गरगरताहेत, आणि आमच्या दुसऱ्या युनिटाच्या बॉयलरची नळी फुटते. कंट्रोल रूममध्ये एकदम पळापळ. साहेबच ओरडतात, "चौथं घ्या, चौथं!" राखाडी चौकोन हिरवा होतो. मागणी भागते, कुठंही वीज जात नाही, सगळे घाम पुसतात. मी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावते आणि एवढंच म्हणते, "आप्पा, बोलावलं त्याला."

तुम्ही तडक जाऊन किलोभर जिलेबी आणलीत आणि गल्लीत वाटलीत.

समोरच्या मावशीनं विचारलं, कशाबद्दल हो? तुम्ही म्हणालात, "पोरीच्या हापिसात आहे एक. किती दिवस घरी बसून होता बिचारा. आज त्याला कामावर घेतलं." मावशीचे डोळे चमकले. "आपल्यातला आहे का?" तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, "एकदम आपल्यातला!" मावशीला एवढं पुरलं.

मी संध्याकाळी गल्लीत शिरले तर बायका माझ्याकडे बघून पदरात हसतायत. एकीनं तर माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. घरात आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. "गल्लीले माहीत, अन् मायले माहीत नही," ती म्हणाली. "पोऱ्या काय करस?"

तुम्ही आतून ओरडलात, "गॅसवर चालस!"

आईला समजावता समजावता रात्रीची भाकरी करपली. सगळं कळल्यावर ती तुमच्याशी दोन दिवस बोलली नाही. एका मशीनसाठी किलोभर जिलेबी, हे काही तिच्या पचनी पडेना. तुम्ही मात्र एवढंच म्हणालात, "काम भेटनं ना त्याले? बस."

पुढं अक्षय्य तृतीयेची आखाजी आली. खानदेशाकडची सगळी माणसं गावाला गेली, खातं ओस पडलं, आणि लग्नसराईच्या साड्यांचा माल अडकला. शेठचे हिशेब ठेवणारे मेताजी स्कूटरवरून आपल्या ओट्यापाशी आले. "काका, चालो." मी घरातच होते, म्हणून हे कानांनी ऐकलंय. तुम्ही उठलात, डबा हातात घेतलात आणि म्हणालात, "येतो. पण रोजी दीडपट."

"केम?"

"कोळशावाले सगळे गावाला गेले, मेताजी. मी गॅसवाला आहे."

मेताजींना काही कळलं नाही. त्यांनी शेठला फोन लावला. शेठलाही गॅसचं काही कळलं नसावं, पण माल अडकलाय एवढं कळत होतं. तुम्ही स्कूटरवर मागं बसून गेलात, ते जाताना वळून माझ्याकडे असं बघितलंत की मला हसू आवरेना आणि आईला रडू. त्यानंतर होळी असो, दिवाळी असो, तुम्हाला बोलावणं यायचं. मोतीबिंदूही तुम्ही त्याच पैशातून काढून घेतलात.

आता सगळं बदललंय, आप्पा. दुपारी सौरऊर्जा इतकी येते की कोळशाच्या तिघांना मान खाली घालून बसावं लागतं. मग सूर्य मावळतो, घराघरांत एसी लागतात, आणि तेव्हा चौथ्याची आठवण होते. रोज नाही, पण होते. शेड्यूल आता संगणकच काढतो. त्याला दया येत नाही, पण चूक शोधायला मी अजून बसते.

एक सांगायचं राहिलंय. जिलेबीच्या रात्री आई झोपल्यावर तुम्ही हळूच विचारलं होतंत, "खरंच कोनी शे का तठे?" मी म्हटलं, काहीतरीच काय आप्पा. पण होता. शेजारच्या टेबलावर बसायचा, कतारगामचा गुजराती. तेव्हा टेम्पररी होता, म्हटलं कायम झाला की सांगू. तो कायम झाला, पण तुम्ही तेवढे थांबला नाहीत. लग्नाची पत्रिका द्यायला मी त्याला घेऊन गल्लीत गेले. मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हाऊच का तो? घर बशेल व्हता तो?"

मी म्हटलं, "हो मावशी, हाच."

त्याला अहिराणीतलं अक्षर कळत नव्हतं. त्यानं वाकून नमस्कार केला. मावशीनं आपलं काहीतरी कौतुक केलं, असं त्याला आजही वाटतं. आता तो मराठी वाचायला शिकलाय, त्यामुळे हा कागद मी साड्यांच्या खाली ठेवणार आहे.