अकरा नावांचा भात

अब्बा, आज जुमेरात. दोह्याजवळच्या वक्र्यातल्या या घरात सून भात उतरवतेय आणि मी तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही.

तुमची बोट नेटवर सापडली. नातीच्या शाळेत लढाईत बुडालेल्या बोटींचा प्रोजेक्ट आहे. तिथे सगळे आहेत: वरच्या वर्गातले साहेब, पलटणीकडे निघालेल्या नर्स, हॉलमध्ये पियानो वाजवणारा म्हातारा. नावं, काहींचे फोटोसुद्धा. तुमच्या माणसांची मात्र एकच ओळ, 'हिंदी खलाशी'. नातीला मराठी कळतं, पण बोलते इंग्रजीत. म्हणाली, "दादा, व्हेअर आर देअर नेम्स?" मी ऐटीत म्हटलं, "माझ्याकडे आहेत. लिही."

दर जुमेराती, गुरुवारी संध्याकाळी, तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात गेलेल्यांसाठी भातावर फातेहा द्यायचात आणि बोटीबरोबर बुडालेल्या त्या अकरा जणांची नावं एकेक करून घ्यायचात. खलाशांचा मुकादम, सारंग, आपल्याच गावचा, त्याने खलाशीही गावचेच भरलेले. म्हणून एका दुपारी टॉर्पेडो लागला आणि एकाच गावातली अकरा घरं बसली. तुम्ही खलाशांचं जेवण रांधणारे भंडारी, मासळीचं पाणी फेकायला वर डेकवर आलेले, म्हणून वाचलात. नावं घेता घेता तुम्ही मध्येच थांबायचात, हसायचात. "हा मसाला वाटायला बसला की वरची मॅडम नाक धरून तक्रार करायची. आणि तिचाच डॉक्टर नवरा मागच्या जिन्याने येऊन आमच्यात मांडी घालून कालवण ओरपायचा." मग पुढचं नाव. "हा दिवसभर इंजिनाच्या आगीपुढे उभा, आणि झुरळ दिसलं की बाकावर चढायचा." मी लहान, माझं सगळं लक्ष भाताकडे. एकदा मी म्हटलं, "अब्बा, आटपा की लवकर." तुम्ही पळी खाली ठेवलीत. "भात पळून जातो काय रे? त्यांना कबर नाही मिळाली. नाव तरी पुरं घेऊं दे." त्या दिवशी मला सगळ्यांत शेवटी वाढलंत. मी रुसून जेवलो नाहीच, आणि पुढे नावं ऐकायचीही सोडून दिली. मी हट्टी होतो, कोणावर गेलो ते तुम्हाला माहीत आहे.

तुमच्यामागे फातेहा माझ्याकडे आला. दोह्यात ड्युटी, ओव्हरटाइम, मुलं. 'सगळ्यांच्या नावाने' असं एकदम म्हणून मी मोकळा व्हायचो. परवा पोरीपुढे बसलो तर आठच नावं आली. गावी फोन केला, पण त्या घरांतही आता सांगणारं कोणी उरलं नाही. लाज वाटली, अब्बा. खूप वाटली. पोर पेन घेऊन वाट बघत होती, म्हणून उरलेली तीन नावं मी ठोकून दिली, आपल्याकडे शोभतील अशी. एकाला तर किस्साही जोडला. "आर यू शुअर, दादा?" "तर! माझे अब्बा दर जुमेराती सांगायचे."

लिहिता लिहिता सुनेची हाक आली, म्हणून उठून जाऊन आलो. पोरीच्या हाती लागू नये म्हणून हे पत्र आता ड्रॉवरमध्येच राहील, पण एवढं लिहून ठेवतो. ती भातापाशी माझ्याआधी येऊन बसली होती, डोक्यावर ओढणी घेऊन. अकराही नावं तिने पाठ केलीत. एकेकावर थांबून, कागद न बघता म्हणाली. ती तीनही म्हणाली. तिला थांबवायला हवं होतं. मी डोळे मिटून आमीन म्हटलं.