बँडमास्तरचं पोट

३ ऑगस्ट
देवीची मिरवणूक पंधरा तारखेला. ठराव: रोज तालीम, मक्याची दारू चिचा बंद, पोट ताळ्यावर. पोट आठवडाभर हललेलं नाही. बायको फिलोमेना बटाटे कच्चे ठेवते. तिला तसं सुनावलं. ती म्हणाली, तेच बटाटे मीही खाते, माझं सगळं वेळच्या वेळी होतं.

५ ऑगस्ट
पुतण्या विल्बर ट्रम्पेटवर पुन्हा घाईत. सगळ्यांसमोर झापला. म्हटलं, माझी तालाची काठी खाली आली की तुम्ही सगळे भंगार. काठी उचलली आणि जेवण वर आलं. ऊन फार.

८ ऑगस्ट
गणवेशाची बटणं लागत नाहीत. फिलोमेनाने धुऊन आटवला. ती म्हणाली, मग टोपी कशी नाही आटली?

९ ऑगस्ट
एरंडेल घेतलं. तेही आतच राहिलं.

११ ऑगस्ट
विल्बरने जबरदस्तीने कोचाबांबा शहरात इस्पितळात नेलं. डॉक्टरीण पोरसवदा. लहानपणी मातीच्या घरात विंचुका किडे चावले का, म्हणे. चावले की, कोणाला नाही चावत? आता घराला समोरून पक्की वीट आहे. ती म्हणाली, त्या किड्याच्या जंतूंनी तुमच्या आतड्याच्या नसा खाल्ल्या. आतडं आहे, पण त्याला हल म्हणणारं कोणी उरलं नाही. मग माझा धंदा विचारला आणि म्हणाली, वाजवणारे आहेत, बँडमास्तर मेलाय. विल्बर हसला. नसा परत येतात का, विचारलं. नाही, म्हणाली. बाई नवीन आहे, अनुभव नाही. आजच भरती व्हा, हाही तिचाच आग्रह. मिरवणुकीनंतर बघू.

१४ ऑगस्ट
मिरवणुकीच्या यजमानाकडे जेवण. बँडमास्तरने पहिलं ताट संपवल्याशिवाय बाकीच्यांनी घास घ्यायचा नाही, अशी आमची रीत. डुकराचं मटण, मका, वर मिरचीचा ठेचा. विल्बर कानात म्हणाला, काका, राहू द्या, आम्ही समजून घेऊ. समजून घेणारा हा कोण? सगळा बँड उपाशी बघत होता. संपवलं! आता जरा आडवा होतो.

१५ ऑगस्ट, इस्पितळ
पहाटे पोट फाडलं. नाकात नळी. माझ्याशिवाय मिरवणूक कोसळणारच होती, म्हणून विल्बरला फोन चालू ठेवायला सांगितलं. फिलोमेनाने तो माझ्या कानाशी धरला. ताल पक्का. वळणावरची अवघड जागासुद्धा बिनचूक. काठी कोणाच्या हातात आहे, विचारलं. कोणाच्याच नाही, ती म्हणाली. काठी तुम्ही सोडेचनात, खाटेखाली आहे बघा.

रडू आलं. टाके ओढतात.

डॉक्टरीण आली. पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिली. काय वाजतंय, विचारलं. काहीच नाही, म्हणाली.