सोमवारपासून ड्युटी

३ मार्च, सोमवार
कामगारांची बस वेळेत कंपनीत पोचवली. उतरलो तर गेटवर मशीनमध्ये फुंकायला लावलं. मशीन बिघडलेली. आदल्या रात्रीची सकाळपर्यंत राहते का कुठे? वॉचमनने दुसऱ्यांदा फुंकायला लावलं, तेव्हाही बिघडलेलीच. परतीची गाडी विशालला दिली. तो स्टोअरचा पिकअप चालवतो. पेण-रोहा रस्ता त्याला काय कळणार!
ट्रान्सपोर्टचे अमोलसाहेब म्हणाले, आधी डॉक्टर, मग समुपदेशन, मग परत टेस्ट. शून्य आली तर बघू. म्हणजे फॉर्मॅलिटी. सोमवारपासून ड्युटी धरून चालतो.

५ मार्च
वनिताला सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला गेलीय. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला निघून गेली. मी पंख्याकडे बघत पडलो. दुपार झाली.

८ मार्च
वनिताला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विशालच्या बायकोने फोन केला होता. मग मला सर्व्हिसिंगचं एवढं का सांगू दिलं? विचारणार होतो. राहून गेलं.

११ मार्च
समुपदेशन. ऋतुजा मॅडम. वयाने लहान. किती घेता, विचारलं. म्हटलं, कधीतरी. कधीतरी म्हणजे? म्हटलं, प्रसंगाने. मग कुठले कुठले प्रसंग, यात सगळा वेळ गेला. पुढच्या वेळी मिसेसना आणा म्हणाल्या.
घरी येऊन वनिताला नीट समजावलं. 'कधीतरी' एवढंच बोलायचं. बाकी मी सांभाळतो.

१४ मार्च, शिमगा
घेतली. सणाची धरायची नसते. शिवाय ड्युटीवर नाही, म्हणजे नियम मोडला असंही होत नाही.

१८ मार्च
वनिता आली होती. कारखान्यातून तशीच, नखांना गुलाबी रंग. मॅडमनी विचारलं. ती टेबलाकडे बघत म्हणाली, "रोज घेतात. सासरे गेले तेव्हापासून."
मी बाजूलाच बसलेलो. घाबरून बोलली असणार. बायका ऑफिसात घाबरतात.
मॅडमनी मला विचारलं, आता कसं वाटतंय. म्हटलं, काही नाही. खोटं नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला नसतो, तसं.
येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. उतरल्यावर कोथिंबीर घेऊन या म्हणाली. आणली.

२५ मार्च
बंद केली. स्वतःहून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण त्यांचा संबंध नाही. हात थरथरतात, ते चहामुळे. झोप नाही. वनिता उठून पाणी देते, परत झोपते.

३० मार्च, पाडवा
संकल्प: आता हात लावायचा नाही. अमोलसाहेबांचा फोन आला, टेस्टला या. सणाच्या दिवशी फोन करतात म्हणजे माझ्यावाचून तिकडे अडलंय.

७ एप्रिल, सोमवार
फुंकलं. शून्य. मशीन दुरुस्त केलेली दिसते.
अमोलसाहेब म्हणाले, स्टिअरिंग इतक्यात नाही. सध्या विशालच्या बसवर दाराशी उभं राहून दार उघडायचं-लावायचं. टेस्ट मधेच कधीही होईल. आलं लक्षात. विशालवर नजर ठेवायला अनुभवी माणूस हवाय, उघड कसं बोलणार! वनिताला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. डबा किती वाजता हवा, विचारलं.

८ एप्रिल
पेणहून वेळेत निघालो. विशाल गिअर जोरात टाकतो.
नागोठण्याला पॅकिंगमधली धोंडुबाई. एक पाय पायरीवर ठेवून थांबली. मला बघितलं, मग वाकून ड्रायव्हरच्या सीटकडे. गाडी कोण चालवतो, विचारलं. विशाल, म्हटलं. तेव्हा चढली. दारापाशीच बसली.
काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, माझ्या गाडीत तुम्ही सगळे गाढ झोपायचात. आरशात दिसायचं. शेवटच्या सीटपर्यंत डोळे मिटलेले. मला बरं वाटायचं. गाडी अलगद चालवतो म्हणून माणसं झोपतात, असं मी वनितालाही सांगायचो.
धोंडुबाई म्हणाली, "झोपत कोन व्हता रं, नितेश? समोर बघवायचा नाय, म्हणून आमी डोले मिटून बसायचो."
रागाने नाही. नुसतं सांगितलं. मांडीवरची पिशवी सरळ केली आणि मागच्या बाईशी बोलायला लागली. मी मागे बघितलं. सगळे जागे. कुणी पाव खात होतं, कुणी खिडकीतून बाहेर बघत होतं.
पुढे खांब गावचा थांबा आला. दार उघडलं.