तापाचा आकडा कुणाला माहीत होता

आई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मीही तुम्हाला कधी बसून काही वाचून दाखवलं नाही. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुनेनं सासूला पत्र लिहावं असं आपल्या आशागडच्या घरात कधी घडलं नसेल. तरी लिहिते, कारण जे विचारायचं आहे ते विचारायला दुसरं कुणी उरलं नाही. जो एक उरला आहे, त्याच्या उत्तरावर माझा पुरता विश्वास बसत नाही.

२०१४ साली मी नर्सिंगला नाव घातलं तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, मुलगी तीन. डहाणूच्या एका दवाखान्यात मी आधीपासून आया होते. लादी पुसायची, भांडी उचलायची आणि सिस्टर सलाईन लावायला लागली की फडकं हातात धरून बघत राहायचं. नर्सिंगची शाळा तलासरीच्या बाजूला, सकाळी आठ ते दोन. दवाखाना तीन ते अकरा. शिकता शिकता दुसऱ्या दवाखान्यात काम करायचं नाही असा शाळेचा नियम होता, मी त्याच्यावर सही करून आले होते आणि नोकरी लपवली होती. तुमचा मुलगा अच्छाडला ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला, शनिवारीच घरी यायचा. म्हणजे पोरं तुमच्याच अंगावर. तुम्ही त्यांना घेऊन चिकूच्या वाडीत कामाला जायचात, फळं निवडताना धाकटीला पोत्यावर बसवायचात. हे सगळं मला दिसत होतं. पण मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर नजर ठेवून आहात. "आज जीप उशिरा मिळाली का?" "हा डाग कसला पडला?" "तुझ्या शाळेत पुरुष पण असतात का गं शिकायला?" मी तुटक उत्तर द्यायचे. रविवारी तुम्ही धाकटीला भरवताना हळू आवाजात काही सांगत असलात, की मी दाराआड थांबून ऐकायचे. बहुतेक वेळा तुम्ही तिला चिकूत बिया किती निघाल्या ते मोजायला लावत असायचात. तरी मी थांबायचेच.

दुसऱ्या वर्षातली ती सकाळ मला अजून लख्ख दिसते. मुलगी चुलीजवळ तुमच्या मांडीवर, गाल लाल झालेले. मी तिच्या काखेतून थर्मामीटर काढून उजेडात धरते. तुम्ही विचारता, "किती?"

"एकशे तीन."

"आणि तू चाललीस?"

"प्रॅक्टिकल आहे आई. आज चुकलं तर वर्ष जाईल. औषध दिलंय. ओल्या फडक्यानं पुसत राहा, उतरेल."

तुम्ही फडकं पिळलंत. मी चप्पल घालून निघाले. दुपारी दवाखान्यातून शेजाऱ्यांच्या फोनवर विचारलं तर ताप उतरला होता, पोरगी पेज खात होती. मला बरं वाटलं, आणि आपलं शिक्षण कामाला आलं म्हणून थोडी ऐटही वाटली.

पुढच्या पंधरवड्यात मोठ्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांनी टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला, शाळेच्या वहीचं पान, लाल समासाचं. 'ही बाई दवाखान्यात पूर्ण वेळ नोकरी करते. वर्गात झोपते. लेकराला एकशे तीन ताप असताना टाकून गेली. अशीला नर्स करू नये.' खाली नाव नाही. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. मॅडम म्हणाल्या, "खोटं आहे का हे?" मला खोटं आहे म्हणता आलं नाही. तीन आठवडे वर्गात बसू दिलं नाही. हजेरी कमी पडली, परीक्षा सहा महिने मागे गेली, दवाखाना त्याच दिवशी सोडावा लागला. मग मी फुग्यांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला लागले. रबराचा वास केसांतून जायचा नाही, वर्गात मुली बाक सोडून बसायच्या.

पण माझ्या डोक्यात एकच होतं. एकशे तीन हा आकडा आपल्या दोघींशिवाय कुणी ऐकला होता? घरी येऊन मी मुलाच्या सगळ्या वह्या काढल्या. मराठीच्या वहीतलं मधलं पान नव्हतं. म्हणजे कागद घरातलाच. तुम्हाला लिहिता येत नाही, मग लिहून कुणी दिलं? शेजारची दहावीतली पोरगी तुमच्याकडे भाजी निवडायला बसायची. तिला मी बोरं दिली, अभ्यासाच्या निमित्तानं चार ओळी लिहून घेतल्या आणि अक्षर पडताळलं. जुळलं नाही. तेव्हा मी स्वतःला समजावलं, वाकडं काढलं असेल. तुम्ही वाडीत गेल्यावर तुमची पेटीसुद्धा उघडून बघितली. दोन लुगडी, बाबांचा फोटो, एक रिकामी काजळाची डबी. पेटी लावताना मला लाज वाटली नाही, नीट लपवलंय एवढंच वाटलं.

तुम्ही भाकरी थापत होतात तेव्हा मी विचारलं, "तुम्हीच कळवलंत ना शाळेत?"

तुमचा हात थांबला. माझ्याकडे न बघता तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. मग म्हणालात, "तुला तसं वाटतंय ना? मग मीच."

"असं नाही. हो की नाही सांगा."

"सांगितलं की. मीच."

त्या दिवसानंतर मी तुमच्याशी सरळ बोलले नाही. वर्ष सरलं, पुढचंही अर्धं गेलं. आजीला सांग भात झालाय. आजीला विचार, उद्या वाडीत जाणार का. पोरं मधे निरोप्यासारखी फिरायची. पोरांना मात्र तुमच्याकडेच ठेवत होते, दुसरं होतं कोण? एका सकाळी वाडीत तुमच्या छातीत कळ आली, तुम्ही झाडाखाली बसलात ते बसलातच. निरोप आला तेव्हा मी वर्गात होते, छातीत दुखणाऱ्या रुग्णाला कसं बसवायचं तेच शिकवणं चालू होतं. मी पोहोचले तेव्हा मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

२०१९ मध्ये मला उधव्याच्या बाजूला सरकारी नर्सच्या कामाची ऑर्डर मिळाली. पहिल्या दिवशी हे मला मोटरसायकलवर सोडायला निघाले. वाटेत चहाला थांबलो. पांढऱ्या कपड्यांवर चहा सांडू नये म्हणून मी पुढे वाकून पीत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "ते पत्र मी लिहिलं होतं."

"कुठलं?"

"तुझ्या शाळेतलं. आईनं फोनवर सांगितलं, पोरगी तापलीय, एकशे तीन आहे, आणि ही गेली. माझं डोकं फिरलं. शनिवारी घरी आलो, वही समोर होती. वाटलं, काढून टाकतील तुला, घरी बसशील."

मी कप खाली ठेवला. "आणि आई?"

"तिनं मला लिहिताना बघितलं होतं. काय लिहितोय ते कळलं नव्हतं. तू तिला विचारलंस तेव्हा कळलं. मी म्हटलं, सांगून टाकतो. ती म्हणाली, 'नको. तुझ्यावर भरवसा ठेवून ती घर सोडून जाते. माझ्यावर नसला तरी तिचं चालेल.'"

चहाचे पैसे मी दिले. पहिलाच दिवस, उशीर करून चालणार नव्हतं. गाडीवर मागे बसले आणि पोहोचेपर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

आई, तुम्ही हे खरंच म्हणालात का? ऐकणारे ते एकटेच होते. की त्यांना स्वतःला सोपं जावं म्हणून तुमच्या तोंडी घातलं? आणि म्हणाला असाल, तर ते माझ्यासाठी होतं, की मुलाला वाचवायला? फोनवर त्यांना आकडा सांगितलात तो काळजीनं, की मी कशी आहे ते दाखवायला? किती वेळा उलटसुलट करून बघितलं, प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. तुम्ही असतात तर मी विचारलं असतं असं लिहायला घेतलं होतं, पण खोडलं. त्यानंतर दीड वर्ष तुम्ही होतात, तेव्हा कुठं विचारलं?

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, ह्यांना तर नाहीच. त्यांच्याबरोबर मला रोज जेवायला बसायचं आहे. त्यांच्यावर संशय घेत राहिले तर घर चालणार नाही, आणि तुमच्यावर घेतला तर कुणाचं काही बिघडत नाही, हे मला फार लवकर समजलं. परवा मुलगी जुने फोटो बघत होती. तुमच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मम्मी, आजीनंच तुझी तक्रार केली होती ना?" हे तिथेच बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हणाले, "हो."